टायरची प्रकृती

तळेगावात खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : “झोपताना पाय पांघरुणाबाहेर काढता का?”

मी लातूरहून आलेली एकटी मुलगी. चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागलेली, हातात बॅग, पायात दिवसभराची वणवण. प्रश्न ऐकून मी बॅगेचा पट्टा खांद्यावर घट्ट केला आणि दाराकडे पाहिलं. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला.

“घाबरू नकोस गं. ते होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत. परवा सिलिंडरवाल्यालाही हेच विचारलं त्यांनी.”

“आणि तो काढतो,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. “एकच. डावा.”

मग गोड आवडतं की आंबट, राग आला की बोलता की भांडी आपटता, ऊन सोसत नाही की थंडी, स्वप्नात पडता की उडता, सगळं विचारून झालं. मी खरीखुरी उत्तरं दिली, कारण तोवर मलाही मजा वाटायला लागली होती. शेवटी डॉक्टरांनी डोळे मिटले आणि निकाल दिला, “वरची, पूर्वेकडची खोली घ्या. पश्चिमेची तुमच्या प्रकृतीला मानवणार नाही.” भाड्याचं विचारलं तर म्हणाले, “ते काकूंशी बोला. तो माझा विषय नाही.”

डॉक्टर बुटके आणि गोल. अंगात अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, आणि त्याच्या दोन्ही खिशांत औषधाच्या इवल्या इवल्या काचेच्या बाटल्या. त्यामुळे ते चालायला लागले की किणकिण ऐकू यायची आणि बाकावरचे पेशंट सावरून बसायचे. खाली दवाखाना, मागे त्यांचं घर, वर मी. दवाखान्यातल्या माणसांपुरतीच त्यांची ही प्रश्नांची सवय असती तर कुणाला काही वाटलं नसतं. पण ते वस्तूंचीही प्रकृती बघत. मिक्सर त्यांच्या मते चिडका पण मनाचा साफ. इन्व्हर्टर आतल्या गाठीचा. माझ्या स्कूटीबद्दल त्यांचं म्हणणं होतं की ती सकाळी लवकर उठणाऱ्यांतली नाही, तिच्याशी आधी दोन शब्द बोलावेत आणि मग बटण दाबावं. मी हसले. पण थंडीच्या दिवसांत कंपनीची बस चुकू लागली तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी स्कूटीशी बोलून पाहिलं, हेही सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या शास्त्राला हार गेली नव्हती. त्यांच्या शिंका. रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहत आणि अशा काही शिंका देत की समोरच्या तारेवरचे पारवे उडून जात. सगळ्या गावाची सर्दी बरी करणारा माणूस स्वतः शिंकतोय, हे पेशंटच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून दवाखाना उघडायच्या आत हा कार्यक्रम उरकायची त्यांची धडपड असे. पण समोरच्या इमारतीत एक प्रेक्षक ठरलेला होता.

समोर एका सर्जनांचं हॉस्पिटल होतं, मोठं, काचेचं, लिफ्टचं. सर्जन वरच्या मजल्यावर राहत. दोघं शाळेपासूनचे मित्र. शिंका सुरू झाल्या की समोरून हाक यायची, “ए साबुदाणा! देऊ का एक गोळी पाठवून?”

“तुझं पोट सांभाळ, कात्री!” डॉक्टर ओरडत आणि पुन्हा शिंकत.

साबुदाणा म्हणजे होमिओपॅथीच्या गोळ्या आणि कात्री म्हणजे ऑपरेशनची. दोघांना या नावांखेरीज एकमेकांना हाक मारताना मी कधी ऐकलं नाही. पोट सांभाळ म्हणायचं कारण असं की सर्जनांना ॲसिडिटीचा जुना त्रास होता. स्वतःच्याच हॉस्पिटलातल्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात, तरी छातीवर हात ठेवून फिरत. दर रविवारी सकाळी ते रस्ता ओलांडून काकूंच्या हातचं थालीपीठ खायला येत. त्या दिवशी कशी कोण जाणे, जळजळ होत नसे.

आता गाडीकडे येते. डॉक्टरांकडे एक जुनी, दोनच माणसं बसतील अशी, छप्पर मागे पाडता येणारी पिवळी स्पोर्ट्स कार होती. परदेशी निघालेल्या एका पेशंटने ती त्यांच्या गळ्यात मारली होती. डॉक्टर ती आठवड्यातून एकदा सोमाटणे फाट्यापर्यंत नेऊन आणत. एरवी ती अंगणात उभी असे आणि उन्हाळ्यात काकू तिच्या बॉनेटवर कुरडया घालत. डॉक्टरांची हरकत एवढीच, की तिखटाच्या नकोत. गाडी मुळात तापट आहे.

चाकणच्या पलीकडे एका कंपनीचा गाड्यांची चाचणी घ्यायचा ट्रॅक होता. तिथे कधीमधी हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवायला देत. सर्जनांनी तेव्हा नवी कोरी, निळी, रुंद, हॉस्पिटलसारखीच चकचकीत गाडी घेतली होती. ते जाणार म्हटल्यावर डॉक्टरही निघाले. मला बरोबर घेतलं, कारण मी इंजिनियर. मी ब्रेकच्या पॅडची जाडी तपासते, मला गाडी पळवण्यातलं काही कळत नाही, असं सांगून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “थांबणं कळलं की पळणं कळतंच.”

पिवळ्या गाडीला आधीच्या मालकाने हौसेने भली मोठी चमकती चाकं बसवली होती आणि त्यांच्यावर पातळ पट्टीसारखे टायर. दिसायला रुबाबदार. डॉक्टर दुसऱ्या वळणावर गेले आणि गाडी एखाद्या पोरीने फुगडी घालावी तशी गरकन फिरली, गवतात घुसली आणि आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली. मी धावत गेले. डॉक्टर स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. खिशातल्या बाटल्या मात्र अजून किणकिणत होत्या.

“लागलं का हो कुठं?”

“मला नाही. हिच्या मनाला लागलंय,” ते म्हणाले. “गाडीचा दोष नाही इंजिनियर. उंच टाचेच्या चपला घालून मी हिला पळायला लावलं.”

तेवढ्यात निळी गाडी बाजूने गेली आणि सर्जनांनी लांबलचक हॉर्न दिला.

पुढच्या रविवारी थालीपीठावर लोणी घेत सर्जनांनी विषय काढलाच. “टायरमध्ये हवेऐवजी साबुदाणा भरतोस का रे? चल, पैज लाव. पुढच्या वेळी माझ्यापेक्षा वेगात एक फेरी मारून दाखव. मारलीस तर आठवडाभर तुझ्या गोळ्या खाईन, म्हणशील तशा. नाही मारलीस तर शिंकांवर माझी गोळी घ्यायची. तुझ्या दवाखान्यात, तुझ्या पेशंटसमोर.”

काकूंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. डॉक्टरांनी उभ्या जन्मात ॲलोपॅथीची गोळी तोंडात घेतली नव्हती. दाढ काढली तेव्हासुद्धा नाही. त्या वेळचा आवाज म्हणे सोमाटण्यापर्यंत गेला होता. पण मित्राने मांडीवर थाप मारून आव्हान दिल्यावर ते काय मागे हटणार! “लागली,” म्हणाले आणि मला साक्षीदार नेमलं.

संध्याकाळी मात्र ते जिना चढून वर आले. दारात उभे राहून, आवाज खाली आणून म्हणाले, “इंजिनियर, एक भीती वाटते.”

“हराल याची?”

“हरलो तर हरलो. पण ती गोळी घेतली आणि लागू पडली तर? सगळ्यांच्या देखत माझ्या शिंका थांबल्या तर?”

इतकं काळजीत पडलेलं मी त्यांना आधी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांची सारी पेशंटमंडळी, सारी हयात, एका गोळीवर टांगली होती. आणि ती गोळी चार टायरांवर.

निघोज्याला हायवेच्या कडेला आबांचं टायरचं दुकान होतं. आबा तिथलेच जुने गावकरी, मोठ्या मिशांचे, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारे. त्यांच्याकडे ट्रकपासून स्पोर्ट्स कारपर्यंत सगळे टायर मिळत, आणि प्रत्येक टायरबद्दल त्यांचं मत एकच होतं, “एक नंबर माल हाय, डोळं झाकून घ्या.” असल्या माणसाकडे डॉक्टर डोळे सताड उघडे ठेवून गेले.

पहिल्याच दिवशी त्यांनी एका टायरसमोर स्टूल घेतलं. टायरवरून हात फिरवला, नखाने दाबला, वास घेतला. मग विचारलं, “आबा, हा तापला की कसा वागतो? चिडतो की मवाळ होतो?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे.

“तापला की... गरम व्हतो,” आबा म्हणाले.

“थंडीत? सकाळी सकाळी आळस करतो का? पाणी सोसतं का याला? वय काय?”

“डॉक्टर, टायर हाय. बाळंतीण न्हाई.”

पण डॉक्टरांनी टायरच्या भिंतीवर कोरलेला बनावटीचा आठवडा आणि वर्ष शोधून काढलं होतं. “हा म्हातारा आहे, आबा. नुसता पडून पडून कडक झालाय. बाहेरून काळाभोर, आतून वाळलेला. असे पेशंट मला रोज येतात.” आबांनी मुकाट्याने तो टायर आत ढकलला.

मग दर सुट्टीला आमची फेरी निघोज्याला. डॉक्टरांनी टायरांचे तीन स्वभाव ठरवले. पहिला कडक रबराचा, वर्षानुवर्षं टिकणारा. “हा आमच्या सासऱ्यांसारखा. निर्व्यसनी, दीर्घायुषी, पण कुणाला मिठी मारल्याचं ऐकिवात नाही.” दुसरा मधला, रस्त्यावर बरा, ट्रॅकवरही बरा, “लग्नकार्यात कुणालाही हवा असतो तसा माणूस.” आणि तिसरा मऊ रबराचा, अंगावर नावापुरत्या रेघा असलेला. हा गार असताना रुसून बसायचा, पाण्यात तर विचारूच नका, आणि भराभर झिजायचा. पण एकदा का तापला की रस्त्याला असा चिकटायचा की सुटायचं नाव नाही.

“हा प्रेमात पडलेला आहे,” डॉक्टर त्याच्यावर थाप मारून म्हणाले. “हाच घ्यायचा. ट्रॅकपुरता. रोज वापरला तर आठ दिवसांत वाया जाईल पोरगा.”

टायर ठरला, पण चाकं राहिली. सर्जन येता जाता सांगत होते की चाक जेवढं मोठं तेवढी गाडीला शोभा. डॉक्टरांना हलकं आणि लहान हवं होतं, म्हणजे टायरची भिंत जरा उंच येते, खाचखळगा सोसते आणि चाक फिरवायलाही जोर कमी लागतो. हे मीच त्यांना आमच्या डिझाइनवाल्यांना विचारून सांगितलं होतं. पण हलकं म्हणजे किती हलकं? आबांकडे वजनकाटा नव्हता. डॉक्टरांनी दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा काटा नेला. त्याच्या पाळण्यात चाक ठेवलं तेव्हा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन थरथरत उभा राहिला. “बाळ सुदृढ आहे,” डॉक्टर म्हणाले.

पुढच्या खेपेला मोठ्यांचा काटा आणला. त्यावर आधी डॉक्टर नुसते उभे राहणार, मग चाक पोटाशी धरून, आणि मी वजाबाकी करणार. हायवेवरचे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. एक चाक झालं, दोन झाली, आणि मग आबांनी मिसळ मागवली. मिसळ, पाव, वर ताक. त्यानंतर मोजलेलं प्रत्येक चाक जड भरू लागलं. डॉक्टर चक्रावले. एकाच कंपनीची, एकाच मापाची चाकं, आणि एवढा फरक? आबा म्हणाले, “लबाड हायेत कंपनीवालं.” बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की नुसत्या डॉक्टरांचं वजन आम्ही मिसळीच्या आधी घेतलं होतं आणि तेच धरून बसलो होतो.

अखेर एक हलकं चाक पसंत पडलं. आबांनी ते गाडीला बसवलं, नट आवळले आणि हात झटकले. “बसलं बगा!”

मी चाक फिरवून पाहिलं. ते हलेना. आत ब्रेकला जाऊन टेकलं होतं.

“आबा, बसलंय. पण फिरत नाही.”

“फिरवायचं पन हाय व्हय?” आबा म्हणाले. मग स्वतःच एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. नंतर त्यांनी कुठून कुठून शोधून त्याच मापाची, पण ब्रेकला आत जागा सोडणारी चाकं मागवली. ती मात्र सुरेख बसली आणि फिरलीही.

टायर चढवलेली चारही चाकं काकूंच्या पुढच्या खोलीत आली. उन्हात ठेवायची नाहीत, ओल लागायला नको, दिव्याखालीही नकोत, असा डॉक्टरांचा हुकूम. सोफ्याच्या कडेला दोन, टीव्हीखाली एक, एक देव्हाऱ्याच्या भिंतीला. काकू त्यांना ‘जावई’ म्हणत. “काही करत नाहीत, जागा अडवतात आणि बोलायची सोय नाही,” असं मला सांगत आणि फडक्याने पुसत.

ट्रॅकचा दिवस ठरला. अडचण अशी की हे नाजूक टायर रस्त्यावर झिजवायचे नव्हते. गाडी जुन्या चाकांवर जाणार आणि नवी चाकं वेगळी न्यायची. पण दोन माणसांच्या गाडीत चार चाकं ठेवणार कुठे? पैजेतल्या शत्रूनेच मार्ग काढला. सर्जनांच्या हॉस्पिटलमागे मोडीत काढायला ठेवलेली, पण अजून चालणारी एक जुनी ॲम्ब्युलन्स पडून होती. “घेऊन जा. हरायला येताना तरी थाटात ये,” ते म्हणाले.

सकाळी आबा निघोज्याहून मुद्दाम आले. आम्ही चाकं स्ट्रेचरवर ओळीने ठेवली, आणि काकूंनी धूळ बसू नये म्हणून वरून पांढरी चादर पांघरली. डॉक्टर पिवळ्या गाडीतून पुढे. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि शेजारी डबे घेऊन काकू. मागे आबा आणि मी, चादरीच्या दोन्ही बाजूंना. चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. आमच्याकडे पाहून कंटेनरवालेसुद्धा बाजूला होत होते. दुचाकीवरच्या एका बाईने हात जोडले. मला हसू आवरेना म्हणून मी ओढणीत तोंड घातलं, ते पाहून तिने स्वतःचे डोळे पुसले.

चौकातल्या हवालदाराने मागचं दार उघडून डोकावलं. “पेशंट?”

“चौगं हायेत, साहेब,” आबा जड आवाजात म्हणाले.

हवालदाराने चादरीखालचे चार गोल उंचवटे पाहिले, टोपी काढली आणि दार हलकेच लावून घेतलं. पुढे काय झालं ठाऊक नाही, पण आम्हाला थेट ट्रॅकपर्यंत कुणी अडवलं नाही.

तिथे पोचल्यावर आबांनी चाकं बदलली आणि डॉक्टरांनी हवा काढायला सुरुवात केली. टायर तापला की आतली हवा फुगते, म्हणून आधी जरा कमी ठेवायची, हे बरोबर होतं. पण पातळ केलेल्या औषधाला जोर यावा म्हणून ते बाटली तळहातावर आपटत, तसंच प्रत्येक वेळी हवा मोजायचं यंत्र आपटत होते. सर्जन हात बांधून बघत होते. त्यांनी त्यांच्या गाडीला दुकानातले सगळ्यात मोठे, सगळ्यात रुंद टायर घातले होते, आणि मागे उभं राहून फोटोही काढून घेतला होता.

“आता हवासुद्धा पातळ करून देणार का? तुझी गाडी बसलीय बघ खाली.”

“बसली नाही. दम धरून आहे,” डॉक्टर म्हणाले.

एकेकट्याने तीन फेऱ्या मारायच्या, त्यातली सर्वांत वेगवान धरायची. सर्जन आधी गेले. त्यांची पहिली फेरी डोळ्यांत मावलीच नाही. निळं काहीतरी गर्जत आलं आणि गेलं, एवढंच दिसलं. दुसऱ्या फेरीत मात्र वळणावर ती जड गाडी जरा बाहेर फेकली गेली. तिसरीत ब्रेकचा करपट वास आमच्यापर्यंत आला आणि ती पार कडेच्या मातीत जाऊन परतली. तरी पहिली फेरी होतीच. ती मोडणं कठीण दिसत होतं.

मग डॉक्टर. पहिली फेरी त्यांनी अशी मारली, जशी बारशाला निघालेली मंडळी मारतील. मध्येच डावीकडे वळव, उजवीकडे वळव, टायर घास, पुन्हा सरळ. कडेच्या रस्त्याने सायकलवर निघालेला वॉचमन त्यांच्या बरोबरीने चालला होता. काकू कठड्याला टेकून ओरडल्या, “अहो, पळवा की! कुणाला शोधताय?”

फेरी संपवून ते आमच्यासमोर थांबले. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, “ताप बघा!” मी पिशवीतलं कोविडच्या वेळचं, कपाळावर धरायचं पिस्तूल काढून टायरवर धरलं. माणसाचा ताप मोजायचं ते बिचारं यंत्र. त्यावर आकडाच उमटेना, नुसतं किंचाळू लागलं.

“माणूस असता तर वाचला नसता, डॉक्टर,” मी म्हटलं.

“मग झाला तयार,” ते म्हणाले आणि निघाले.

दुसऱ्या फेरीत सगळं छान चाललं असताना लांबच्या वळणाआधी गाडी एकदम मंदावली. नंतर कळलं की त्यांना हेल्मेटमध्ये शिंक आली आणि समोरची काच आतून धुक्यासारखी पांढरी झाली. फेरी वाया गेली. सर्जनांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून काकूंना दाखवली. काकूंनी तोंड फिरवलं.

आणि तिसरी फेरी. ती मला अजून दिसते. पिवळी गाडी त्या दुसऱ्या वळणावर आली, तिथेच मागे ती गरकन फिरली होती. माझे डोळे मिटले गेले. टायरांचा एक बारीक, चिकट, लांबलेला आवाज आला. डोळे उघडले तर गाडी वळणाच्या आतल्या कडेला धरून, जणू कुणी बोट धरून नेतंय, अशी निघून गेलेली. मग पुढचं वळण, त्याच्या पुढचं. डॉक्टरांनी एकदाही घाई केली नाही आणि एकदाही सोडून दिलं नाही. आबा माझ्या शेजारी उभे होते, त्यांनी मिशीला हात लावला आणि म्हणाले, “धरलंय बग त्यानं. धरलंय!”

एक शिंक यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या फरकाने डॉक्टर जिंकले.

गाडीतून उतरल्यावर त्यांनी आधी चारही टायरांना हात लावला, भाजलं म्हणून झटकला, आणि मग काकूंकडे पाहून लहान मुलासारखे हसले. सर्जनांनी पट्टी परत खिशात घातली, पुढे आले, म्हणाले, “साबुदाणा, उद्या सकाळी येतो.”

आणि आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन दवाखान्यातल्या बाकावर, नंबर धरून बसले. गावात बातमी वाऱ्यासारखी पसरली. मोठे डॉक्टर इथे? एक आजी तर उठून त्यांना जागा देऊ लागल्या, “तुमचं जास्त दिसतंय बाबा, तुम्ही आधी जा.” मला साक्षीदार म्हणून रजा टाकावी लागली होती. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “तपासणीच्या वेळी बाहेरचं कुणी नको.” सर्जन म्हणाले, “बसू दे तिला. तू कसली पावडर घालशील, माझा विश्वास नाही.”

डॉक्टरांनी केसपेपर घेतला आणि सुरू झाले. पाय पांघरुणाबाहेर काढतोस का, गोड की तिखट, राग आला की काय करतोस. सर्जन थट्टेनेच उत्तरं देत होते. स्वप्नात काय दिसतं? तर म्हणे, तू हरताना दिसतोस. दोघं खिदळत होते, मीही हसत होते.

“रात्री जेवतोस किती वाजता?”

“ठरलेलं नाही. राउंड संपला की.”

“कुठे?”

“कँटीनमधून ताट येतं वर.”

“कुणाबरोबर जेवतोस?”

सर्जनांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि त्यांना तो सुचला नाही. सर्जनांच्या पत्नी गेल्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती आणि मुलगी कॅनडाला होती, हे मला तेवढंच, काकूंच्या बोलण्यातून, ठाऊक होतं. मग ते म्हणाले, “टीव्ही लावतो. बघत नाही. आवाज असावा म्हणून.”

“किती दिवस?”

“ती गेल्यापासूनच.”

“मला बोलला नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. तू जगाला विचारतोस रे, पाय बाहेर काढता का, डाव्या कुशीवर झोपता का. मला कधी विचारलंस?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मी इतकी वर्षं त्यांना पाहिलं, पण प्रश्न सुचत नाही असा त्यांचा चेहरा तेव्हा एकदाच पाहिला. मग ते उठले, पाठ फिरवून कपाटासमोर उभे राहिले. बरीच किणकिण झाली. एक बाटली घेऊन आले, तळहातावर आपटली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “रोज रात्री चार गोळ्या, जेवणाआधी. पण हे औषध जागेच्या बाबतीत फार हट्टी आहे. ते आमच्याच जेवणाच्या टेबलावर घ्यायचं. रस्ता ओलांडला की गुण जातो.”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“हरलेल्याने पुस्तक विचारायचं नसतं.”

त्या रात्रीपासून आठच्या सुमाराला सर्जन येऊ लागले. जिभेखाली चार गोळ्या ठेवून, चेहरा वाकडा करून, ते माझ्याकडे बघत, “साक्षीदार, लिहून घ्या, काहीही होत नाहीये.” मग काकू भाकरी वाढत. पहिले दोन दिवस ते जपून जेवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिठलं परत मागून घेतलं. छातीवर हात ठेवायची त्यांची सवय कधी सुटली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आठवडा संपला. पैज फिटली, बाटली रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता सर्जन पुन्हा दारात. काकूंनी नेहमीसारखं चौथं ताट मांडलं. सर्जनांनी मिरचीच्या ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर कच्चा कांदा फोडला आणि तिसरी भाकरी घेतली. काकूंना राहवलं नाही.

“भाऊजी, कोर्स संपला ना तुमचा?”

“संपला वहिनी,” सर्जन खाली मान घालून म्हणाले. “पण अजून म्हणावं तसं बरं वाटत नाहीये.”

“वाटणार नाहीच,” डॉक्टर म्हणाले. “आजार जुना आहे. वेळ लागेल.” आणि त्यांनी ठेच्याची वाटी सर्जनांकडे सरकवली.